तिचीच सासू

सगळी गल्ली त्यांना पडदेवाल्या काकू म्हणायची. लग्न होऊन या शहरात आल्या तेव्हापासून त्या पडदे शिवत होत्या. दवाखान्यांचे, शाळांचे, लॉजचे, नव्या जोडप्यांच्या पहिल्यावहिल्या घरांचे. कुणाच्याही घरी गेल्या की त्यांची नजर आधी खिडकीवर जायची आणि मग माणसांवर. नवरा लवकर गेला. पदरात एकच मुलगा. तो मशीनच्या खडखडाटातच लहानाचा मोठा झाला, आणि मोठा होऊन लिफ्ट दुरुस्त करायला लागला. डोळ्यांवर जाड भिंगं होती. एकदा चष्मा बदलायला दुकानात गेला आणि काउंटरवरची मुलगीच घरी घेऊन आला, असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायच्या. तिच्या डोळ्यांना काहीसुद्धा झालेलं नव्हतं, तरी तो तिला 'चष्मेवाली' म्हणायचा.

लग्नाला चार वर्षं झाली असतील नसतील, एका सकाळी कामावर निघालेला मुलगा जिन्यातच बसला. छातीत कळ आली म्हणाला. शेजाऱ्यांनी खुर्चीत घालून खाली नेला, गाडी मिळाली, सगळं झालं, पण दवाखाना गाठेपर्यंत हातात काही उरलं नव्हतं.

मागे राहिल्या दोघी. सुनेला माहेर म्हणायला होतं. भाऊ-भावजयीच्या दोन खोल्यांत तिची सोय कुठे व्हायची? आणि काकूंनी तिला जा असं म्हटलंही नाही. दोघींनी एकमेकींना सावरलं. म्हणजे दोघींपैकी कुणीच दुसरीसमोर रडलं नाही. आपण डोळ्यांत पाणी आणलं तर ही पोर कोसळेल, अशी काकूंची खात्री होती. पोरीला काय वाटतं, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

अशी जवळजवळ तीन वर्षं गेली. मग एका संध्याकाळी जेवताना सून म्हणाली, "आई, उद्या माझी सुट्टी आहे. जुन्या बागेत जाऊ या?"

"बागेत? तिथे काय आहे?"

"काही नाही. शांत आहे."

"शांतता काय घरी मिळत नाही?" काकू म्हणाल्या खऱ्या, पण त्याच वेळी खाली ग्रिलवाल्याच्या दुकानात कटर सुरू झाला आणि त्यांचं शेवटचं अक्षर कुणाला ऐकूच गेलं नाही. सून हसली. काकूही हसल्या. काही महिन्यांपासून सून आंघोळ करताना गुणगुणायला लागली होती. फोन आला की घेऊन बाहेरच्या कठड्याशी जायची. काकूंचं सगळं आयुष्य कापडाचा ताणा-बाणा बघण्यात गेलं होतं. एक धागा सरकला तरी त्यांना कळायचा. त्यांनी फक्त तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

जुनी बाग शहराच्या ऐन मध्यावर होती. बाहेर बसगाड्यांची रांग, भोंगे, पुलाचं न संपणारं काम. आणि लोखंडी फाटकातून आत शिरून उंच दगडी भिंतीच्या कडेनं जरा चालून गेलं, की कानांवर कुणी हात ठेवावा तसं सगळं थांबायचं. काकू इतकी वर्षं त्या भिंतीला लागून बसमधून जात होत्या. आत कधी आल्या नव्हत्या. कधी काळी कुणा राजघराण्यातल्या बायकांसाठी बांधलेली बाग. दगडी बाकं, नाक तुटलेले दोन पुतळे, एक मोठा कोरडा हौद, आणि झाडं इतकी जुनी की त्यांच्या फांद्यांना खालून लोखंडी टेकू दिलेले. फाटकाजवळच्या पाटीवर लिहिलं होतं, की दोन सैन्यं वर्षभर लढली आणि मग याच बागेत बसून त्यांनी तह केला. ज्याचा जो मुलूख आधी होता तो त्याच्याकडेच राहिला.

काकूंनी पाटी शेवटपर्यंत वाचली. "मग लढले कशाला?" त्या म्हणाल्या. "आधीच बागेत येऊन बसायचं."

सून खूप हसली. विनोदाच्या मानानं जरा जास्तच. तेव्हा काकूंना कळलं, की पोरगी घाबरली आहे.

त्या एका बाकावर बसल्या. सुनेनं पिशवीतून संत्री काढली. काकूंनी बोलायला सुरुवात केली ती थांबेचनात. नव्या दवाखान्याच्या पडद्यांचं कापड कसं आटतं, घरमालकीणबाईंचा जावई कसा वागतो, गुडघ्याला कुठलं तेल लावल्यानं गुण येतो. मध्ये फट ठेवली तर सून त्यात पाय घालेल, या धाकानं त्या विषयाला विषय जोडत गेल्या. सून संत्र्याच्या फोडीवरच्या शिरा काढत ऐकत होती. पण घरी मशीन असायचं, खाली कटर असायचा, रस्ता असायचा. न बोललेलं त्यात खपून जायचं. इथे काकूंना श्वास घ्यायला थांबावं लागलं, आणि थांबल्या तर आजूबाजूला काहीच नव्हतं. एक पान पडलं तेसुद्धा ऐकू आलं.

"आई," सून म्हणाली, "मी लग्न करायचं म्हणतेय."

काकूंनी हातातली फोड खाली ठेवली. "कुणाशी?"

"आमच्या दुकानाच्या मागे भिंगं घासायचं वर्कशॉप आहे ना, तिथे आहेत ते. त्यांना दुसऱ्या शहरात काम मिळालंय, मोठ्या वर्कशॉपमध्ये. दोन महिन्यांनी जायचंय." आणि मग घाईघाईनं, "तुम्हीपण चला आमच्याबरोबर. मी त्यांच्याशी बोललेय. ते हो म्हणाले."

"ते हो म्हणाले," काकू म्हणाल्या. "वा. उपकारच झाले."

"आई, तसं नाही हो."

"तीन वर्षं. पुरती तीन वर्षंसुद्धा झाली नाहीत. फारच घाई झाली तुला."

बोलून गेल्यावर काकूंना आपलाच आवाज ओळखू येईना. गल्लीतली एखादी भोचक बाई बोलावी तसा तो आला होता. त्या उठल्या आणि गुडघा धरत हौदाकडे चालू लागल्या. हौदाच्या काठावर जाऊन बसल्या. आत सुकलेला पाला आणि कुणाचा तरी फाटलेला मोजा पडला होता. बराच वेळ त्या त्या मोज्याकडेच बघत राहिल्या.

सून आली आणि मध्ये जागा सोडून बसली. ती रडत नव्हती. हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला एक सांगू? रागावू नका. मला रोज संध्याकाळी घरी यायची भीती वाटते."

"माझी?"

"तुमची नाही. तुम्ही दार उघडता ना, तेव्हा माझ्याकडे बघायच्या आधी माझ्या मागे बघता. जिन्यात. रोज. तो येतोय का ते."

"मी? मी कशाला बघेन?"

"तुम्हाला कळत नसेल. पण बघता. आणि मग माझ्याकडे बघून हसता. मला रोज वाटतं, मी एकटी आले ही माझीच चूक आहे."

काकूंना नाही म्हणावंसं वाटत होतं, पण नाही म्हणता येईना, कारण सुनेनं सांगितल्याबरोबर त्यांना तो जिना दिसला. दिव्याचा उजेड कुठपर्यंत पोचतो, कुठल्या पायरीवर अंधार सुरू होतो, ते सगळं त्यांना पाठ होतं. न बघणाऱ्याला ते कसं पाठ असेल?

दोघी उठल्या, बाहेर आल्या, बस पकडली. संत्र्यांच्या साली तशाच बाकावर राहिल्या, याची काकूंना आठवण झाली आणि उगाचच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर टकटक झाली. काकूंनी दार उघडलं आणि मान आपोआप बाजूला झाली, सुनेच्या खांद्यावरून मागे. त्यांनी ती तिथेच थांबवली. सून चपला काढत होती, तिनं वर बघितलं नाही. तिसऱ्या दिवसापासून काकू दार नुसतं लोटून ठेवू लागल्या आणि मशीन फिरवून, दाराकडे पाठ करून बसू लागल्या. "आलीस का गं?" असं पाठीमागे न बघताच विचारायच्या. उजेड चुकीच्या बाजूनं यायचा आणि शिलाई वाकडी जायची, ती उसवून पुन्हा घालायच्या.

लग्नाचं नाव मात्र दोघींनी काढलं नाही. आठवडा असाच गेल्यावर एका दुपारी काकू कुणाला न सांगता चष्म्याच्या दुकानावर गेल्या. सून जेवायच्या सुट्टीत बाहेर गेलेली असते हे त्यांना माहीत होतं. बोळातून मागच्या बाजूला शिरल्या. एका अंधाऱ्या खोलीत चाकावर पाणी ठिबकत होतं आणि एक उंच, किडकिडा माणूस त्यावर वाकून भिंग घासत होता. केस कानांपाशी पांढरे व्हायला लागले होते. काकूंना बघून त्यानं मशीन बंद केलं, हात पुसले, स्टूल पुढे केलं आणि काय बोलावं ते न सुचून पुन्हा हात पुसले.

"मी कोण ते कळलं का?"

"हो. बसा ना."

काकू बसल्या. "आधी लग्न झालेलं?"

"नाही."

"का?"

"जमलं नाही."

"घरी कोण?"

"कोणी नाही. आई होती, गेली मागे."

"स्वभावानं कसे?"

तो जरा विचारात पडला. "अबोल आहे म्हणतात."

"तिला बडबड लागते."

"ती बोलते," तो म्हणाला. "मी ऐकतो."

काकू हसणार होत्या, पण त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. हा माणूस त्यांना आवडू नये अशीच त्यांची इच्छा होती. उठायच्या बेतात असताना तो म्हणाला, "तुमच्या मुलाची भिंगं मीच घासायचो."

काकू बसून राहिल्या.

"चष्मा तयार झाला की ते पुढे न थांबता इथे आत यायचे. या मशीनची मोटर बघायला. एकदा आवाज येत होता तिचा, तर त्यांनी खिशातून पाना काढला आणि उघडलीच. मालक ओरडत होते. ते म्हणाले, दोन मिनिटं, रुग्ण झोपलाय, उठवतो त्याला." तो भिंगवाला जमिनीकडे बघत होता. "तेव्हापासून आवाज नाही केला तिनं."

"रुग्ण म्हणाला?"

"लिफ्टलापण तेच म्हणायचे ना?"

काकूंना हे माहीत नव्हतं. मुलगा गेल्यापासून त्याच्याबद्दल लोक त्यांना सांगत ते सगळं त्यांचंच होतं, त्यांनीच कधी तरी लोकांना सांगितलेलं फिरून परत येत होतं. नवी गोष्ट कुणी दिली नव्हती. त्या त्या मोटरीकडे बघत राहिल्या. तेल लागून काळी झालेली, साधी मोटर होती. "चालवा बघू," त्या म्हणाल्या. त्यानं बटण दाबलं. चाक फिरायला लागलं. काकू थोडा वेळ ऐकत बसल्या आणि मग, "सकाळी उठल्या उठल्या तिच्याशी बोलायला जाऊ नका," एवढं सांगून बाहेर पडल्या.

त्या संध्याकाळी सून आली तेव्हा काकू पाठमोऱ्याच होत्या. "रविवारी त्यांना जेवायला बोलाव," त्या म्हणाल्या. सुनेचे हात मागून त्यांच्या गळ्यात पडले आणि कपाळ मानेवर टेकलं. काकूंनी मशीन चालू ठेवलं. थांबवलं असतं तर त्यांच्याच्यानं सावरलं गेलं नसतं.

लग्न सरकारी कार्यालयात झालं. भिंगवाल्याकडून दुकानाचा मालक आला होता. सुनेचा भाऊ येतो म्हणाला आणि ऐन वेळी त्याला जमलं नाही, म्हणून तिच्याकडून साक्षीला काकूच उभ्या राहिल्या. टेबलामागच्या कारकुनानं मान खाली घालूनच विचारलं, "तुम्ही कोण?"

"सासू."

"म्हणजे मुलाच्या आई. मुलाकडून साक्षीदार झालाय. मुलीकडचं माणूस पाहिजे."

"मी मुलीकडचीच आहे."

कारकुनानं वर बघितलं. "मग सासू कशा?"

"तिचीच सासू," काकू म्हणाल्या. "आधीची."

कारकून पेन धरून क्षणभर तसाच बसला. त्याच्या डोक्यात असा रकानाच नसावा. शेवटी दुकानाचा मालक पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, आई लिहा ना." कारकुनानं सुटकेचा निःश्वास टाकून तसं लिहिलं. काकूंनी सही केली. सून भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

बरोबर यायला काकूंनी नकार दिला. गिऱ्हाइकं सोडून कशी येऊ, म्हणाल्या. सुनेनं फार ताणलं नाही. ज्या खोलीत मुलगा वाढला ती सोडून काकू कुठे जाणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

पहिले काही महिने रोज फोन यायचा. मग दोन-तीन दिवसांनी. मग आठवड्यातून एकदा, पण तो नेमानं. त्यातल्याच एका फोनवर सुनेनं सांगितलं, की दिवस गेलेत, पाचवा लागलाय. काकूंनी खिडकीची मापं विचारून घेतली. पिवळं, मऊ कापड आणलं, खाली बारीक पिको केला, आणि पडदे पिशवीत घालून बसनं तिच्या शहरात गेल्या.

घर लहान आणि स्वच्छ होतं. पडदे लावल्यावर खोलीत ऊन पसरल्यासारखं दिसायला लागलं. सून त्यांना 'आई' म्हणून हाका मारत होती, पाय दाबून देत होती, जेवताना त्यांच्याच ताटाकडे तिचं लक्ष होतं. कमी कशाचीच नव्हती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी काकू पडल्या होत्या आणि स्वयंपाकघरातून सुनेचं हसू ऐकू आलं. भिंगवाल्यानं काही तरी सांडलं होतं. ती हसत सुटली होती, श्वास लागेपर्यंत, भिंतीला टेकून. हे हसू काकूंच्या ओळखीचं होतं. तेच ते, मुलगा असतानाचं. ते आता इथे राहत होतं.

काकूंची नजर नकळत भिंतींवरून फिरली. मुलाचा फोटो कुठे नव्हता. आणि आपण तो शोधतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी कुशीवर वळून डोळे मिटून घेतले. फोटो नव्हता तेच बरोबर होतं. नव्या बाळाच्या घरात तो कशाला हवा? हे त्यांना पटत होतं, आणि पटूनही आत काही तरी तुटत होतं.

आठवडाभर राहायला आलेल्या काकू चौथ्या दिवशी निघाल्या. शाळेचे पडदे द्यायचे राहिलेत, असं सांगितलं. सुनेचा चेहरा पडला, पण तिनं डबा भरून दिला, आणि खिडकीशी बसू नका, वारं लागतं, असं दोनदा बजावलं.

बसस्टँडवर भिंगवाला सोडायला आला. बस लागायची होती. तो म्हणाला, "एक सांगायचं होतं तुम्हाला. तिला माहीत नाही."

"काय?"

"ती झोपेत त्यांना हाक मारते. अजून. कधी कधी." तो बूट जमिनीवर घासत होता. "मी जागा असलो तर ओ देतो. मग ती शांत झोपते."

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. "वाईट वाटत नाही तुम्हाला?"

"वाटतं," तो म्हणाला. "पण हाकेला कुणी ओ दिली नाही तर तिला जाग येते."

बस आली. त्यानं त्यांची पिशवी वर ठेवली, खाली उतरला आणि बस हलेपर्यंत उभा राहिला.

काकू आपल्या शहरात पोचल्या तेव्हा ऊन कलत आलं होतं. घराकडे जाणारी बस पुलाच्या कामाशी अडकली आणि इंजिन बंद करून उभी राहिली. खिडकीबाहेर जुन्या बागेचं फाटक होतं. काकू पिशवी घेऊन उतरल्या.

आत कुणी नव्हतं. दूरवर एक माळी पाईप गुंडाळत होता. काकू झाडाखालच्या एका बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, आणि मुलाला त्याच्या लहानपणच्या, फक्त घरात चालणाऱ्या नावानं हाक मारली. मोठ्यानं नाही, पण उघड आवाजात. तीन-चार वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. दुसऱ्यांदा हाक मारताना त्यांचा आवाज फुटला आणि मग त्या रडल्या. पिशवीवर डोकं टेकवून, हुंदके देत, तोंडाला पदर न लावता, लहान मुलासारख्या रडल्या. त्यांना सांभाळायला तिथे कुणी नव्हतं, आणि त्यांनी सांभाळावं असंही कुणी नव्हतं.

फाटकावरचा रखवालदार बाग बंद करायला फिरत फिरत तिथपर्यंत आला. त्यांना बघून थबकला. "बाई, बंद व्हायची वेळ झाली," तो म्हणाला, आणि मग त्यांचा चेहरा बघून, "मागचं फाटक लावून येतो मी आधी. ते लांब आहे." तो सावकाश निघून गेला, आणि परत यायला त्यानं बराच वेळ घेतला.

काकू घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. जिना चढल्या, कुलूप काढलं, तोंडावर पाणी मारलं आणि सुनेला फोन लावला.

"पोचले गं नीट."

"इतका उशीर? आणि आवाज का असा येतोय, आई?"

"बसमध्ये वारं लागलं."

"खिडकीशी बसू नका म्हटलं होतं ना मी."

"हो गं," काकू म्हणाल्या. "पुढच्या वेळी नाही बसणार."